बातमी सोडून काय हवे ते छापा!

नीतिमत्ता शिकवणाऱ्याला घरी पाठवायचे आणि विद्यार्थ्यांकडून जबाबदार पत्रकारितेची अपेक्षा ठेवायची, हा दांभिकपणा एकट्या इंडियानाचा नाही.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाने अखेर माघार घेतली. ‘इंडियाना डेली स्टुडंट’ या विद्यार्थी वृत्तपत्राला जून २०२६ अखेरपर्यंत स्वतःच्या अंदाजपत्रकातून छापील अंक काढता येतील, असे ब्लूमिंग्टन संकुलाचे प्रमुख डेव्हिड राइनगोल्ड यांनी संपादकांना कळवले. एवढ्याने विषय मिटला अशी विद्यापीठाची समजूत असेल, तर ती दूर करायला हवी. बातम्या गाळण्यास ज्यांनी नकार दिला आणि त्यापायी नोकरी गमावली, त्या जिम रोडनबुश यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे. छपाई परत मिळाली. शिकवणारा परत मिळाला नाही. आणि या प्रकरणात खरे नुकसान छपाईचे नव्हतेच.

रोडनबुश यांचा गुन्हा तो कोणता? माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या, म्हणजे ‘होमकमिंग’च्या, अंकात केवळ मेळाव्याची माहिती असावी, बातमी एकही नको, पहिल्या पानावर तर नकोच नको, असा वरून हुकूम आला. तो विद्यार्थ्यांच्या गळी उतरवण्यास विद्यार्थी-माध्यमांचे संचालक असलेल्या रोडनबुश यांनी नकार दिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांच्या हाती नारळ ठेवण्यात आला. विद्यापीठाच्या धोरणाशी त्यांना जुळवून घेता येत नाही, हे कारण. पाठोपाठ छापील अंकच बंद. का, तर म्हणे खर्च परवडत नाही आणि जमाना डिजिटलचा आहे. तोटा होता, हे खरे. पण कागद आणि शाई मेळाव्याच्या पुरवणीलाही तेवढीच लागते. पुरवणी परवडते आणि बातमी तेवढी परवडत नाही, हा हिशेब कोणत्या लेखापालाने मांडला ते विद्यापीठाने एकदा जाहीर करावे.

पत्रकारिता शिकवायची म्हणजे नेमके काय करायचे? मथळा कसा द्यावा, बातमीचा पहिला परिच्छेद कसा बांधावा, मुलाखतीला जाताना काय वाचून जावे, हे वर्गात सांगता येते. नीतिमत्ता मात्र निर्णयाच्या क्षणीच शिकता येते. छापायचे की नाही, कोणाचे नाव द्यायचे, समोरच्याचे म्हणणे घेतले का, हे प्रश्न अंगावर आल्याशिवाय आणि उत्तराची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर असल्याशिवाय ती अंगी मुरत नाही. म्हणून अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत मजकुराचा निर्णय विद्यार्थी संपादकांचा असतो. मार्गदर्शकाने प्रश्न विचारायचे, धोके दाखवायचे, कायदा समजावायचा. कात्री चालवायची नाही. रोडनबुश यांनी हेच केले. आपली नोकरी पणाला लावून त्यांनी विद्यार्थ्यांना जो धडा दिला, तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. विद्यापीठाला नेमका तोच अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला.

आणि हे कोणते विद्यापीठ? जिथले हे विद्यार्थी वृत्तपत्र १८६७ पासून निघते. दुसऱ्या महायुद्धातल्या साध्या सैनिकांच्या कहाण्या अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवणारे, १९४४ चे पुलित्झर मिळवणारे आणि १९४५ मध्ये रणभूमीवरच मारले गेलेले अर्नी पाइल याच वृत्तपत्राचे विद्यार्थी संपादक होते. माध्यम विभागाच्या इमारतीबाहेर टंकलेखन यंत्रासमोर बसलेला त्यांचा ब्राँझचा पुतळा विद्यापीठाने अभिमानाने उभारला आहे. पुतळ्याची कोणाला अडचण होत नाही. त्याच्या यंत्रातून पहिल्या पानाची बातमी थोडीच बाहेर पडते!

लाज राखली ती शेजाऱ्यांनी. पर्ड्यू विद्यापीठ आणि इंडियाना यांचे खेळाच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर. पण पर्ड्यूतल्या ‘एक्स्पोनंट’ या विद्यार्थी वृत्तपत्राने विशेष अंक छापला आणि त्याच्या हजारो प्रती स्वतः ब्लूमिंग्टनमध्ये आणून वाटल्या. याच ‘एक्स्पोनंट’चे वाटप करण्यास त्यांच्या विद्यापीठाने त्याच्या काही महिने आधी नकार दिला होता. विशीतल्या पोरांना जे कळले, ते प्रशासनातल्या भल्याभल्यांना उमगू नये?

यावर ठरलेले उत्तर असे, की विद्यार्थी कच्चे असतात, चुका करतात, म्हणून कोणीतरी लगाम धरायला हवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये हेझलवूड खटल्यात शाळांपुरते हेच मान्य केले. मिसुरीतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकाने विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातली दोन पाने काढून टाकली होती. एक लेख शाळकरी मुलींच्या गरोदरपणावर, दुसरा पालकांच्या घटस्फोटाच्या परिणामांवर. दुसऱ्या लेखात एका मुलीने वडिलांविषयी तक्रार केली होती आणि वडिलांची बाजू घेतलेली नव्हती, हा आक्षेप. आक्षेप रास्तच होता. पण त्यावर शिक्षकाचे उत्तर काय असायला हवे? ‘जा, वडिलांना विचारून ये.’ मुख्याध्यापकाचे उत्तर होते, ‘पान काढा.’ त्या मुलीचे नाव अंतिम मजकुरातून शिक्षकाने आधीच गाळले होते, हे त्या मुख्याध्यापकाला ठाऊकही नव्हते. म्हणजे शिकवणे सुरू होते. ते थांबवले नीतिमत्तेच्या नावाने कात्री उचलणाऱ्याने. तेव्हापासून प्रत्येक भेदरलेल्या प्रशासकाला ‘जबाबदारी’ हा शब्द प्रिय झाला आहे.

स्वातंत्र्य दिले की पोरे उधळतात, हा समज तर निखालस खोटा. विद्यार्थी पत्रकारांना कायद्याने संरक्षण देणाऱ्या कॅन्सासमध्ये २०१७ साली पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांनी नव्या मुख्याध्यापिकेच्या पदव्यांची छाननी केली. ज्या संस्थेची पदवी त्या सांगत होत्या तिची मान्यताच संशयास्पद निघाली. पदावर रुजू होण्याआधीच बाईंनी राजीनामा दिला. या प्रकरणातली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. मुलांच्या शिक्षिका मुख्याध्यापिकेच्या निवड समितीवर होत्या, म्हणून त्या या बातमीपासून दूर राहिल्या आणि मार्गदर्शनाचे काम बाहेरच्या जाणत्यांकडे गेले. हितसंबंधांचा संघर्ष म्हणजे काय, हे त्या मुलांना आता आयुष्यभर कोणी समजावून सांगायला नको. स्टॅनफर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अध्यक्षांच्या संशोधनपत्रांतल्या प्रतिमांबद्दल प्रश्न विचारले. चौकशी झाली. अध्यक्षांनी स्वतः लबाडी केल्याचे आढळले नाही. पण त्यांच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनात गफलती निघाल्या आणि २०२३ मध्ये त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. हे घडू शकले, कारण हे प्रश्न छापणारे ‘स्टॅनफर्ड डेली’ हे विद्यार्थी वृत्तपत्र १९७३ पासून विद्यापीठाच्या ताब्याबाहेर आहे.

चुका होतात का? होतातच. थोरामोठ्यांकडूनही झाल्या. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात ‘केसरी’ने ज्या पत्रांवर विसंबून दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले ती पत्रे बनावट निघाली. माफी मागूनही पंचविशीतल्या टिळक-आगरकरांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. कागदपत्रांची शहानिशा का करायची, यासाठी मराठी पत्रकारितेच्या वर्गात याहून चांगला पाठ नाही. त्या चुकीवर उपाय म्हणून ‘केसरी’ने बातम्या बंद करून पंचांग छापायला हवे होते, असे आज कोणी म्हणेल काय?

पण आपल्याकडे नेमके तेच चालते. पत्रकारितेचे अभ्यासक्रम गल्लोगल्ली निघाले. त्यात नीतिशास्त्राची प्रश्नपत्रिका असते, प्रेस कौन्सिलची आचारसंहिता पाठ करून उत्तीर्ण होता येते. विद्यार्थ्यांचा प्रायोगिक अंकही निघतो. त्यात काय असते? कुलगुरूंच्या हस्ते झालेले उद्घाटन, विभागाचा वर्धापनदिन, पाहुण्यांचे मौलिक विचार. रखडलेले निकाल, वाढलेले परीक्षा शुल्क, वसतिगृहाच्या मेसमधले जेवण, रिक्त प्राध्यापकपदे या बातम्या दाराशी उभ्या असतात. पण त्यांना आत घेण्याचे धाडस विरळा. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. त्याखाली आपल्याच विद्यापीठाकडे अर्ज करून त्यावर बातमी लिहा, असा गृहपाठ किती विभाग देतात? इंडियानाला निदान बातम्या गाळा असा हुकूम द्यावा लागला. आमच्याकडे त्याची गरजच पडत नाही.

अशा कारखान्यातून बाहेर पडलेली मुले पुढे काय करणार? पत्रक आले की मथळा बदलून देणार. आणि अत्याचाराच्या घटनेत नाव तेवढे टाळून पीडितेचे गाव, शाळा आणि काकाचा व्यवसाय सांगून ओळख चव्हाट्यावर मांडणार. भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ किंवा ‘पॉक्सो’चे कलम २३ त्यांनी परीक्षेपुरते वाचलेले असते, ते पाळण्याचा प्रसंग शिकताना कधी आलेला नसतो. मग रोज रात्री वाहिन्यांवरचा तमाशा पाहून ‘पत्रकारितेचा दर्जा घसरला’ म्हणून गळे काढायला हेच प्रशासक, हेच विभागप्रमुख पुढे. दर्जा तुम्हीच घसरवलात, महाशय. प्रश्न विचारण्याच्या वयात तुम्ही त्यांना फीत कापण्याचे वार्तांकन दिलेत.

तेव्हा इंडियानाने अर्धी माघार पुरी करावी आणि रोडनबुश यांना सन्मानाने परत बोलवावे. आणि ज्या विद्यापीठांना आपल्याविरुद्धची एक बातमी सोसत नाही, त्यांनी, मग ती ब्लूमिंग्टनची असोत वा महाराष्ट्रातली, पत्रकारितेचे विभाग सरळ बंद करून तिथे जनसंपर्काचे वर्ग भरवावेत. निदान विद्यार्थ्यांची फसवणूक तरी टळेल.