एका रुळाची आगगाडी आणि ‘लहरी महाराजा’ची सोयीची दंतकथा

१/
जुन्या, विचित्र वाहनांच्या याद्या समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांत एक छायाचित्र हमखास आढळते. एकाच रुळावर उभे असलेले वाफेचे इंजिन, आणि तोल जाऊ नये म्हणून एका कुशीला जोडलेले मोठे लोखंडी चाक. त्याखालची ओळही ठरलेली असते : ‘पटियाळ्याच्या लहरी महाराजाचा अजब शौक.’ छायाचित्र अस्सल आहे. ओळ मात्र खोटी आहे, आणि तिचा खोटेपणा उघड करण्यासाठी कोणताही दुर्मीळ दस्तऐवज लागत नाही.

२/
साधी कालगणना पुरेशी आहे. ‘पटियाळा स्टेट मोनोरेल ट्रेनवेज’ सुरू झाली १९०७ साली. महाराजा भूपिंदरसिंग यांचा जन्म ऑक्टोबर १८९१ चा. वडील राजिंदरसिंग १९०० साली निवर्तले तेव्हा गादीवर बसलेला वारस अवघा नऊ वर्षांचा होता. कारभार राजप्रतिनिधी मंडळाच्या हाती गेला. राज्याधिकार तरुण महाराजांकडे येऊ लागले ते १९०९ च्या अखेरीस.

३/
म्हणजे ही गाडी रुळावर आली त्या वर्षी ‘लहरी महाराजा’ पंधरा-सोळा वर्षांचा अज्ञान वारस होता. खजिन्याच्या किल्ल्या त्याच्यापाशी नव्हत्या. अज्ञान राजाच्या काळात संस्थानचा पैसा ब्रिटिश सरकारच्या नजरेखाली खर्च होत असे. अशा व्यवस्थेत पोरवयातील हौसेसाठी कित्येक मैलांचा लोहमार्ग टाकला जाईल, हे मानण्यासाठी इतिहासापेक्षा चित्रपटांचा अभ्यास अधिक लागतो.

४/
ही योजना अमलात आणली संस्थानचे अभियंता कर्नल बोल्स यांनी. पद्धत युइंग यांची, म्हणजे आधीच माहीत असलेली. तिचा वापर भारतात त्यापूर्वीही झाला होता. मुन्नारच्या चहामळ्यांत १९०२ साली कुंडला खोऱ्यात याच पद्धतीचा एकरुळी मार्ग टाकला गेला आणि त्यावरील गाड्या बैल ओढत. त्या मार्गाला कोणी ‘मळेवाल्यांचा अजब शौक’ म्हणत नाही. तेथे तो व्यवहार ठरतो, पटियाळ्यात लहर ठरते. यंत्र तेच, मग निकाल वेगळा का?

५/
आधी प्रश्न काय होता ते पाहावे. संस्थानच्या खेड्यांतील धान्य सरहिंदसारख्या रेल्वे स्थानकांपर्यंत आणि बाजारपेठांपर्यंत न्यायचे होते. पूर्ण रुंदीची रेल्वे टाकायची तर जमीन, भराव, पूल आणि दुप्पट रूळ यांचा खर्च आला. दुसरीकडे लष्करी उपयोगासाठी संस्थानने शेकडो खेचरे बाळगलेली होती. युद्ध नसताना ती नुसती दाणावैरण खात. हाताशी सडक होती, जनावरे होती; नव्हता तो पैसा.

६/
युइंग पद्धतीचे उत्तर असे होते. सडकेच्या कडेने जमिनीलगत एकच रूळ टाकायचा. गाडीची मुख्य चाके एकामागोमाग एका ओळीत, दोन्ही अंगांना कडा असलेली, म्हणजे ती रूळ सोडणार नाहीत. बाजूला आडव्या दांड्यावर एक मोठे चाक, जे सडकेवरून चालेल. वजनाचा सुमारे ९५ टक्के भाग रुळावर आणि उरलेला सुमारे ५ टक्के त्या तोलाच्या चाकावर.

७/
हे प्रमाण साधते कसे? तराजूच्या दांडीचे गणित आहे. समजा, रूळ आणि तोलाचे चाक यांत दोन मीटर अंतर आहे. गाडीचा गुरुत्वमध्य नेमका रुळाच्या वर ठेवला तर ती जराशा धक्क्याने उलट्या बाजूला कलंडेल. तो चाकाच्या दिशेने केवळ दहा सेंटिमीटर सरकवला की वजनाचा विसावा भाग, म्हणजे ५ टक्के, चाकावर येतो. गाडी चाकावर किंचित रेलून चालते आणि सडकेला मात्र जवळजवळ काही सोसावे लागत नाही.

८/
लाभ येथेच आहे. पोलादी रुळावर फिरणाऱ्या पोलादी चाकाला होणारा विरोध खडीच्या सडकेवरील विरोधापेक्षा अनेक पटींनी कमी असतो. जे खेचर पाठीवर दोन पोती वाहून थकते, तेच खेचर रुळावरची भरलेली गाडी ओढते. रूळ निम्मे, नवी जमीन जवळपास नाही आणि वळणे सडकेइतकी अरुंद चालतात. पुढे बर्लिनच्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल कंपनीने बांधलेली वाफेची चार इंजिनेही आली. तीन जोडचाके एका ओळीत आणि तोलाचे एक चाक कुशीला.

९/
दोन मार्ग मिळून लांबी सुमारे ५० मैल. एक सरहिंदकडचा, दुसरा पटियाळ्याहून सुनामच्या दिशेचा. माल गेला, माणसेही गेली. शौकाची गाडी राजवाड्याच्या बागेत फेऱ्या मारते. ही गाडी बाजारपेठेत जात होती.

१०/
महाराष्ट्रातील वाचकाला हा विचार परका वाटू नये. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. साडेपाच फुटी मार्ग परवडत नाही म्हणून अडीच फुटी मार्ग निवडला. गाडीचे वजन आसांवर सारखे वाटले, दर आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार येऊ दिला नाही आणि हलके, स्वस्त रूळ वापरले. कॅलथ्रॉप यांना सगळे द्रष्टे म्हणतात, आणि ते योग्यच आहे.

११/
पण बार्शीचे तर्कशास्त्र मान्य केले की पटियाळ्याचे नाकारता येत नाही. खर्च कमी करण्यासाठी दोन रुळांतील अंतर साडेपाच फुटांवरून अडीच फुटांवर आणणे हे शहाणपण असेल, तर ते शून्यावर आणून दुसरे चाक तयार सडकेवर चालवणे हा त्याच शहाणपणाचा पुढचा टप्पा आहे. फरक दिसण्यात आहे. एक गाडी ‘रेल्वेसारखी’ दिसते, दुसरी दिसत नाही.

१२/
आता त्याच वर्षांत ब्रिटनमध्ये काय चालले होते ते पाहावे. लुई ब्रेनन या संशोधकाने नोव्हेंबर १९०९ मध्ये केंट परगण्यातील गिलिंगहॅम येथे एकरुळी गाडी लोकांपुढे चालवून दाखवली. तिला तोलाचे चाक नव्हते. वेगाने फिरणाऱ्या दोन जड चक्रांच्या, म्हणजे जायरोस्कोपच्या बळावर ती उभी राही. यंत्र विलक्षणच होते. १९१० च्या लंडनमधील प्रदर्शनात विन्स्टन चर्चिल यांनीही त्यातून फेरी मारली.

१३/
ब्रेनन यांच्या प्रयोगामागे ब्रिटिश लष्करी खात्याचा आणि इंडिया ऑफिसचा पैसा होता. पण अडचण मोठी होती. प्रत्येक डब्याला स्वतःची फिरती चक्रे हवीत, उभ्या गाडीतही ती फिरत राहावीत आणि थांबली तर गाडी आडवी. नियमित वाहतुकीसाठी एक मैलही मार्ग झाला नाही. तरीही ग्रंथांत तो ‘धाडसी वैज्ञानिक प्रयोग’ म्हणून नोंदला जातो. तोलाचा तोच प्रश्न पटियाळ्याने एका साध्या चाकाने सोडवला आणि गाडी वीस वर्षे चालवली. तिच्या वाट्याला ‘अजब शौक’ आला.

१४/
खरी लहर पाहायची असेल तर तीही त्याच वर्षांत सापडते. १९१० साली कलकत्त्यातील रॉबर्ट निकोल मॅथ्यूसन या धनिकाने इंग्लंडमधील लोस्टॉफ्टच्या ब्रूक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बांधून घेतली. चोचीतून गरम पाणी फवारून वाट मोकळी करण्याची सोय आणि मागून चुना सांडण्याची, म्हणजे हंस विष्ठा टाकतो असे वाटावे. रस्त्यावर गोंधळ उडाला आणि तिच्यावर बंदी आली. पुढे ती नाभा संस्थानाने विकत घेतली. आज ती हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे.

१५/
गंमत अशी की आज ही हंसगाडीसुद्धा पुष्कळांना ‘कुठल्यातरी महाराजाची’ म्हणून ठाऊक असते. मागवणारा गोरा होता, बांधणारे इंग्लंडचे होते. लहर मात्र विकत घेणाऱ्याच्या खात्यावर जमा झाली. संस्थानिक म्हणजे हत्ती, हिरे आणि वेडाचार हे चित्र साम्राज्याच्या सोयीचे होते. राजा पोरकट ठरला की त्याच्यावर देखरेख ठेवणारा आपोआप प्रौढ ठरतो. साम्राज्य गेले, पण ते चित्र आपण मराठीत, हिंदीत, हौसेने पुढे पाठवत आहोत.

१६/
यावर एक आक्षेप येतो : भूपिंदरसिंग पुढे खरोखरच ऐषआरामी झाले नाहीत का? झाले. मोटारींचा ताफा, क्रिकेट, कार्तिए पेढीने घडवलेला हिऱ्यांचा प्रसिद्ध हार, सारे खरे. पण तो हार पूर्ण झाला १९२८ साली. मोनोरेल बंद पडली १९२७ साली. प्रौढ माणसाची कीर्ती त्याच्या किशोरवयातील सरकारी निर्णयावर मागे नेऊन चिकटवणे याला कालविपर्यास म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी टाळायची चूक ती हीच.

१७/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही पद्धत इतकी शहाणी होती तर टिकली का नाही? उणिवा होत्याच. वेग बेताचा होता. तोलाचे चाक सडकेवर अवलंबून होते, त्यामुळे सडक खचली की गाडीही हेलकावणार. माल भरताना वजनाचा तोल सांभाळावा लागे. मग मोटारलॉरी आली, सडका सुधारल्या आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये वाहतूक थांबली. पण लॉरीने जगभरातील शेकडो छोट्या रेल्वे संपवल्या. आयर्लंडमधील लिस्टोवेल-बॅलिबनियन हा दुसऱ्या धर्तीचा एकरुळी मार्ग १८८८ पासून ३६ वर्षे चालून १९२४ साली बंद झाला. मागे पडणे म्हणजे मूर्खपणा नव्हे. घोड्यांच्या ट्रामला कोणी वेडेपणा म्हणत नाही.

१८/
प्रत्येक विचित्र यंत्र शहाणेच असते, असाही दावा येथे नाही. चुना सांडणारा हंस ही लहरच होती. वाद निकषाचा आहे. डोळ्यांना अपरिचित ते वेडगळ, असा निकष लावला की हंस आणि धान्यगाडी एकाच यादीत येतात. एकाने रस्ता अडवला आणि दुसरीने बाजार चालवला, हा भेद पुसला जातो.

१९/
पुसल्याची किंमतही मोजावी लागते. २०१४ साली मुंबईत वडाळा-चेंबूर मोनोरेल सुरू झाली तेव्हा ‘देशातील पहिली’ असे म्हणत तिचे स्वागत झाले. पंजाबात आणि मुन्नारच्या डोंगरांत शतकापूर्वी एकरुळी गाड्या चालल्या होत्या हे फारसे कोणाला आठवले नाही. जे गमतीच्या यादीत जाते ते अनुभवाच्या वहीत उरत नाही. थोड्या पैशांत, तयार सडकेवर, असलेल्या साधनांनी वाहतूक कशी उभी करावी याचा एक देशी धडा होता. तो विनोद म्हणून जपला गेला.

२०/
१९६२ साली रेल्वे-इतिहासाचे अभ्यासक माइक सॅटो यांना ही इंजिने पटियाळ्यात गंजत पडलेली सापडली. त्यांतील एक अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात दुरुस्त होऊन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तिथे गेल्यावर इंजिनाआधी कुशीचे चाक पाहावे. आणि पुढच्या वेळी ‘लहरी महाराजा’ची ओळ समोर आली की चार प्रश्न विचारावेत : साल कोणते? तेव्हा राजाचे वय किती? पैसा कोणाच्या सहीने निघाला? आणि गाडीत भरले काय होते? पटियाळ्याच्या गाडीत धान्य होते.