नापसंतीचें कारण लिहून द्या

कासू, पेण, नागोठणें, रोहें या पट्ट्यांतल्या शेतकऱ्यांच्या व कारागिरांच्या घरांतून आज बी. ए., एम. ए. झालेलीं मुलें-मुली निघूं लागलीं आहेत. त्यांतलें एखादें पुढें पीएच. डी. करूं म्हणतें. घरच्या वडील माणसांस ही पीएच. डी. म्हणजे काय हें कळत नाहीं, आणि त्यांत त्यांचा दोष नाहीं. शाळेची परीक्षा त्यांस समजते : तीन तास बसला, पेपर लिहिला, पास झाला किंवा नापास झाला. प्रबंधाचें तसें नसतें. विद्यार्थ्यानें एक विषय धरून वर्षानुवर्षें स्वतः शोध करावयाचा, ग्रंथाएवढें लिखाण करावयाचें, आणि मग तें परीक्षकांच्या हवालीं करावयाचें. त्यांनीं तें केव्हां वाचलें, नीट वाचलें कीं नाहीं, काय पाहून नापसंत केलें, हें पुष्कळदां विद्यार्थ्यास धड कळत नाहीं. पेणच्या गणपति करणाऱ्या कारागिरास गिऱ्हाईक मूर्ति परत करतें तेव्हां निदान बोट दाखवून सांगतें कीं सोंड वांकडी झाली, डोळा चुकला. येथें तेवढेंहि नाहीं.

हें दुखणें आजचें नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव ठाऊक नाहीं असें घर या जिल्ह्यांत सांपडणार नाहीं. महाडचें चवदार तळें याच जिल्ह्यांतलें. परंतु त्यांच्या नांवाआधींचें ‘डॉक्टर’ हें पद त्यांस किती खेटे घालून मिळालें, हें थोड्यांस माहीत आहे.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ सालीं अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले, आणि तेथून १९१६ सालीं लंडनास. १९१७ सालीं शिष्यवृत्तीची मुदत संपली व अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. पुस्तकें दुसऱ्या बोटीनें पाठविलीं होतीं, ती बोट लढाईंत बुडाली. मग मुंबईस सिडनॅम कॉलेजांत प्रोफेसरी करून पैसा सांठविला, शाहू महाराजांनीं मदत केली, नवल भथेना या पारशी मित्रानें कर्ज दिलें, तेव्हां १९२० सालीं पुन्हां लंडन गांठतां आलें. १९२२ च्या आक्टोबरांत त्यांनीं डी. एस्सी.साठीं प्रबंध दिला. विषय रुपयाचा. सरकारनें रुपया कसा चालवावा, किती पाडावा, त्याची किंमत घसरली तर महागाईचा भार कोणावर पडतो, असा तो विषय होता. केन्ससारख्या नामांकित अर्थशास्त्र्यानें वाखाणलेली चलनपद्धति त्यांनीं खोडून काढली होती.

१९२३ च्या मार्चांत परीक्षकांनीं प्रबंध मान्य केला नाहीं. कां केला नाहीं? चरित्रकार धनंजय कीर यांच्या मतें त्यांतील इंग्रजी कारभारावरची टीका परीक्षकांस झोंबली. उलट लंडनच्या त्या संस्थेकडून असें सांगण्यांत आलें आहे कीं, आमच्या दप्तरांतील आंबेडकरांच्या फायलींत तसें कांहींच आढळत नाहीं. वाचक विचारतील, मग खरें कोणाचें? आमचें म्हणणें असें कीं, शंभर वर्षें उलटून गेल्यावर हा प्रश्न विचारावा लागतो हाच मोठा दोष आहे. परीक्षकानें कारण स्वच्छ लिहून विद्यार्थ्याच्या हातीं दिलें असतें तर वाद उरला नसता. जेथें कारण लिहिलेलें नसतें तेथें संशय बिऱ्हाड करतो, मग परीक्षक कितीहि सचोटीचा असो.

हातांत पैसा नव्हता. आंबेडकर मुंबईस परतले, आणि ऑगस्टांत त्यांनीं प्रबंध सुधारून पुन्हां दिला. नोव्हेंबरांत तो मान्य झाला व त्याच सालीं लंडनास छापला गेला. त्या ग्रंथास प्रस्तावना त्यांचे गुरु एडविन कॅनन यांची आहे, आणि तींत कॅनन उघड म्हणतात कीं, यांतील बरेंच मला पटत नाहीं, तरी विचारांत ताजेपणा आहे. गुरूचें मत एक, शिष्याचें दुसरें, आणि तरी गुरु शिष्याच्या ग्रंथास प्रस्तावना लिहितो! आमच्याकडील किती प्रोफेसर हें करतील?

कोलंबियाची पीएच. डी. तर आणखी लांबली. तेथें प्रबंधाच्या छापील प्रती दाखल करण्याचा नियम होता. आतां छापण्यास पैसा कोठून आणावा? तो ग्रंथ १९२५ सालीं छापून निघाला आणि पदवी हातीं पडली १९२७ सालीं, म्हणजे महाडचा सत्याग्रह झाला त्याच वर्षीं. विद्या तपासावयाची आणि मध्यें खिसा आडवा यावयाचा, असा तो प्रकार.

आतां आजचें पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणें प्रबंध निदान दोन बाहेरच्या परीक्षकांनीं पाहिला पाहिजे, एकानें नाकारला तर तो तिसऱ्याकडे गेला पाहिजे, आणि सर्व तपासणी सहा महिन्यांच्या आंत उरकावी अशी तजवीज विद्यापीठानें ठेवली पाहिजे. नियम बरा आहे. पण नियम असून काय होतें हें आपल्या भागानें भोगलें आहे : २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची घाई केली, निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि अखेर त्या वर्षीं आक्टोबरांत कुलगुरूंस पदावरून काढावें लागलें. कुलगुरू गेले, मुलांचे गेलेले महिने कोण परत देणार? सुखवस्तु घरच्या मुलास सहा महिन्यांचा उशीर म्हणजे थोडा कंटाळा. आमच्या घरीं सहा महिने म्हणजे भाताचें एक अख्खें पीक. थोरल्या भावानें वाट पाहत काढलेलें कर्ज तोंवर वाढतच असतें. शिवाय वजनदार घरचा मुलगा परीक्षकास ओळखीनें विचारून घेतो. आमचा मुलगा कचेरीच्या दारांत उभा राहतो आणि शिपाई त्यास “पुढल्या आठवड्यांत या” म्हणतो.

आम्ही सवलत मागत नाहीं. उचलेगिरी केलेला प्रबंध खुशाल फेटाळावा, मग तो आमच्या जातीच्या मुलाचा असो कीं कोणाचाहि. मागणें एवढेंच कीं, जो नाकारतो त्यानें कोणत्या पानावर काय चुकलें तें लिहावें, तारीख घालावी, आणि तो कागद विद्यार्थ्यास मिळावा. सुप्रीम कोर्टानें २०११ सालींच ठरविलें आहे कीं, तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या कायद्याखालीं विद्यार्थ्यास पाहतां येते. मग प्रबंधावरचा अभिप्रायच तेवढा कुलपांत कां?

कासूकडच्या ज्या घरीं असा विद्यार्थी असेल त्यांनीं इतकें करावें. प्रबंध दाखल केल्याची पोंच, शिक्क्यासह, जमिनीच्या सातबाऱ्याजवळ ठेवावी. सहा महिने भरतांच विद्यापीठाकडे लेखी अर्ज द्यावा व त्याचीहि पोंच घ्यावी. तोंडी उत्तर घेऊन परतूं नये. आणि विद्यार्थिनी असेल तर घरचें एखादें माणूस बरोबर जावें. तिला भीति वाटते म्हणून नव्हे, तर कचेरींत दोन माणसें दिसलीं कीं फाईल लवकर सांपडते म्हणून.