तहानेचा सीझन

परवा लातुरातल्या एका डॉक्टर मित्राचा फोन आला. "तू पेपरवाला आहेस, तुला माहीत असणार. मे महिन्यात सहकुटुंब केनियाला निघायचा विचार आहे. कंपनीवाला म्हणतोय एकदम स्वस्तात बसवून देतो. टायमिंग बरोबर आहे ना? नसेल तर ताडोबाच करतो. तिथं तर मेमध्ये वाघ हमखास दिसतो म्हणतात."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. मेमध्ये केनिया स्वस्त असतो कारण तिकडं तेव्हा पाऊस असतो. मार्च ते मे त्यांचा मोठा पावसाळा, नोव्हेंबर-डिसेंबरात छोटा. मसाई माराची माती आपल्यासारखीच काळी, कापसाची. जुलैत औसा-निलंगा भागात शेतरस्त्यावर ज्याची मोटारसायकल रुतलीय त्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको. नदी ओलांडणाऱ्या विल्डबीस्टचे जे व्हिडिओ आपण मोबाईलवर बघतो ते साधारण जुलै ते ऑक्टोबरातले. मेमध्ये ते कळप बहुतेक करून टांझानियात, सेरेंगेटीत असतात. ती जनावरं पावसाच्या आणि गवताच्या मागं फिरतात, आपल्या शाळांच्या सुट्ट्या बघून नाही. पण जाहिरातीवर फोटो नदीचा आणि तारीख मेची. आपणही विचारत नाही, कारण आपल्याला सुट्टी तेव्हाच. लातुरात तर सुट्टी शाळासुद्धा ठरवत नाही, क्लासवाले ठरवतात. नीटचं पोरगं घरात असलं की आफ्रिकेचा ऋतू गेला उडत.

तरी केनियाचं एक वेळ सोडा. मला राग आला तो दुसऱ्या वाक्याचा. मेमध्ये हमखास दिसतो.

का दिसतो? झाडांची पानं गळलेली असतात म्हणून लांबचं दिसतं, हे एक. आणि नाले, ओढे आटलेले असतात, दोन-चार पाणवठ्यांवरच पाणी उरतं, तिथं वाघाला यावंच लागतं, हे दुसरं. त्यातले बरेच पाणवठे सफारीच्या रस्त्याला लागून. सौरपंपानं नाही तर टँकरनं भरलेले. आपण जिप्सी लावून वाट बघत बसायचं. म्हणजे ज्याला आपण 'बेस्ट सीझन' म्हणतो तो तहानेचा सीझन आहे.

हे मी लातूर-नांदेडच्या माणसांना का सांगतोय, तर आपल्याला हा सीझन पाणवठ्याच्या दुसऱ्या बाजूनं माहीत आहे.

२०१६ साल आठवा. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, सगळं मिळून ५ लाख लिटर. (मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. लातूरकरांनी वाघिणी बघितल्या त्या अशा.) त्या दिवसांत मला मुंबई-दिल्लीहून पत्रकारांचे फोन यायचे. एकानं विचारलेला प्रश्न मला शब्दशः आठवतो. "कधी आलो तर चांगलं दिसेल?"

आणि मी सांगितलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा धरा, सकाळी सातच्या आत पोचा, टँकर यायच्या आधी घागरींची रांग लांब असते, ऊनही तिरपं असतं. मी त्यांना गल्ल्या दाखवल्या, त्याचे पैसेही घेतले. खोटं कशाला बोलू. घर चालवायचं होतं. अशाच एका रांगेत एक म्हातारी कॅमेऱ्यासमोर घागर खाली ठेवून म्हणाली, "पाणी आणलाव का नुसतं बघायला आलाव?" पाहुण्यांना भाषा कळली नाही. त्यांनी मला विचारलं काय म्हणाली. मी सांगितलं, पाणी नाही म्हणतीय.

डॉक्टरचा फोन ठेवल्यावर मला ती म्हातारी आठवली.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, की उन्हाळा जंगलाला काय नवीन आहे? मान्य. ताडोबा काय, टिपेश्वर काय, ही पानगळीची जंगलं आहेत. तिथली जनावरं हजारो वर्षं मे महिना काढत आलीत. उन्हाळ्यात जंगलात जाणं हेच पाप, असं मी म्हणत नाही. पाणी आणि जनावर यांच्यामध्ये आपली गाडी उभी राहते तिथं माझं भांडण सुरू होतं. आणि पैसे भरलेला माणूस गाइडला म्हणतो, "अजून थोडी पुढं घे," तिथं ते वाढतं.

२०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडलात काय झालं ते आठवत असेल. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर, दोन्ही बाजूंनी जिप्सी. व्हिडिओ देशभर फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. ते उन्हाळ्यात झालेलं नव्हतं, थंडीत झालं. पण थर्टीफर्स्ट होता ना! सुट्टी आली की आपल्याला वाघ पाहिजे, एवढाच हिशेब. कारवाई गाइड-ड्रायव्हरवर झाली, व्हायलाच पाहिजे होती. गाडीत बसून मोबाईल वर धरलेले लोक मात्र आपापल्या घरी गेले.

वाघाचं स्वतःचं वेळापत्रक वेगळंच असतं. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला नर २०१९ मध्ये निघाला तो जूनअखेर, पाऊस लागताना. डिसेंबरपर्यंत १३०० किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. म्हणजे ज्या तीन महिन्यांत ताडोबाच्या कोअरची फाटकं बंद असतात, जुलै ते सप्टेंबर, तेव्हा हा गडी आदिलाबाद, पैनगंगा, हिंगोली करत फिरत होता. वाटेत आपली शेतं. पुढं २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच एक वाघ थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात आला. ज्या लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्काही नाही, त्याच्या शेजारपर्यंत! त्याला बघायला तिकीट नव्हतं. ज्याची जनावरं गेली त्याला मात्र तो बरोबर दिसला. सोयाबीन उगवल्या उगवल्या रोही आणि रानडुकरं ज्याच्या रानात उतरतात त्याला विचारा सफारीचा बेस्ट सीझन कोणता. बारा महिने, फुकट.

मग जायचं कधी? माझं मत सांगतो. ऑक्टोबरात फाटकं उघडली की नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. नांदेडहून किनवट-आदिलाबादवरून टिपेश्वर आपल्याला ताडोबापेक्षा जवळ आहे. ओढ्यांना पाणी असतं, जनावर विखुरलेलं असतं, वाघ नाही दिसला तर नाही दिसला. सागाचं जंगल दिसेल, पक्षी दिसतील, फेब्रुवारीत पळस पेटायला लागेल. पावसाळ्यात वाघ बघायचा नादच सोडा. सहस्रकुंडाला जा, पैनगंगा बघा. अलीकडं नांदेड, पलीकडं यवतमाळ आणि मधून लाल पाण्याचा धबधबा.

गाइड आणि जिप्सीवाल्यांचं पोट उन्हाळ्याच्या गर्दीवर आहे, हे मला कळतं. टिपेश्वरच्या आसपासच्या गावातली ती आपलीच पोरं आहेत. पण त्यांची कमाई मेच्या चार आठवड्यांवर टांगली कुणी? आपणच. थंडीतही गाड्या भरल्या तर एप्रिल-मेमध्ये वाघापाशी गाडी नेऊन बक्षिसी कमवायची घाई त्यांना राहणार नाही. वनखात्यानं एवढं करावं : एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर एका वेळी उभ्या राहणाऱ्या गाड्या मोजून सोडाव्यात, नवीन पाणवठे सफारीच्या रस्त्यापासून आत करावेत, आणि हिवाळ्यातल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांचे दर उतरवावेत. पाणवठा आत गेला तर वाघ कमी दिसेल, बुकिंग कमी होईल, महसूल घटेल. घटू द्या. अभयारण्य काढलं ते महसुलासाठी काढलं नव्हतं.

डॉक्टरला परत फोन करून हे सगळं बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "नोव्हेंबरात पोराची टेस्ट सिरीज आहे रे." केनिया रद्द, ताडोबाचं बुकिंग झालंय, मेच्या दुसऱ्या आठवड्याचं. गाडी पाण्यापासून लांब थांबवायला सांगतो म्हणालाय. बघू.