साहेबाचा चाकू

‘आमच्याकडे ना, साहेबाच्या काळातली एक वस्तू आहे!’ हे वाक्य कानावर पडलं की माझे डोळे चमकतात आणि लगेच पोटात गोळाही येतो. कारण वस्तू बहुतेकदा खरी असते, तिची स्टोरी मात्र घोटाळ्याची असते.

या वेळी हे वाक्य घरातूनच आलं. आषाढ वद्य एकादशीला, म्हणजे परतवारीला, नरसी नामदेवला गेलो होतो. पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांनी अख्खं गाव फुललेलं. कयाधूच्या काठी जाऊन, नामदेवांचं दर्शन घेऊन घरी आलो तर काकांनी कपाटातून एक पुडकं काढलं. आत पणजोबांचा घडीचा चाकू. शेफिल्डचा, सांबरशिंगाच्या मुठीचा. हिंगोलीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबानं तो पणजोबांना बक्षीस दिला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलोय. याच चाकूनं आजोबांनी आमच्या पेन्सिलींना टोकं काढली, पेरू कापले आणि पोत्यांच्या सुतळ्याही.

‘‘तू येणार म्हणून पॉलिश पेपरनं घासून ठेवलाय. बघ कसा चमकायलाय!’’

मी मनातल्या मनात ‘अरे देवा!’ म्हणालो.

मंडळी, व्हिंटेज चाकूच्या दुनियेतला पहिला फंडा हाच. चमक म्हणजे नुकसान! जुन्या पोलादावर वर्षानुवर्षांच्या वापरानं करडी-काळसर झाक चढते. ती मळ नव्हे, ते वय आहे. शिवाय कंपनीचा शिक्का पात्याच्या बुडाशी, मुठीला लागून असतो. काकांच्या पॉलिश पेपरनं नेमका तोच अर्धा खाल्ला होता.

तरी भिंग लावल्यावर बरंच दिसलं. जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफिल्ड, इंग्लंड. शेजारी चांदणी आणि क्रॉस, हा त्यांचा ट्रेडमार्क. हे नाव इतकं चालायचं की नकला करणाऱ्यांचं पेवच फुटलं होतं. म्हणून आधी स्पेलिंग बघायचं. खऱ्या रॉजर्समध्ये ‘डी’ असतो, नकलेत तो हमखास गळतो. ‘डी’ होता. मग पातं उघडलं. मधल्या घड्या लागल्यावर येणारा ‘टक्’ आवाज खणखणीत, पातं डुगडुगत नाही, रिवेटला कुणी हात लावलेला नाही, दोन्ही पात्यांची झीज एकाच वयाची. म्हणजे माल अस्सल.

आणि मग मुकुट दिसला. मुकुटाच्या एका बाजूला ‘जी’, दुसऱ्या बाजूला ‘आर’.

इथे गडबड झाली. शेफिल्डवाले पात्यावर त्या काळच्या राजाराणीची अक्षरं उठवत. ‘व्ही. आर.’ म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. ‘ई. आर.’ म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. ‘जी. आर.’ म्हणजे जॉर्ज. चौथा जॉर्ज १८३० मध्येच गेला आणि पात्यावर ‘इंग्लंड’ लिहिणं रूढ झालं ते अमेरिकेनं १८९० च्या कायद्यानं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केल्यानंतर. म्हणजे हा जॉर्ज पाचवा, नाहीतर सहावा. चाकू १९१० नंतरचा. आणि हिंगोलीची छावणी? ती होती निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झालं आणि छावणी उठली. चाकू तयार व्हायच्या आधीच साहेब गेलेला!

आता काय करायचं? गप्प बसलो तर सगळे खूश. उद्या कुणी विकायचं ठरवलं तर ‘साहेबाचा चाकू’ म्हणून दोन पैसे जास्तच येतील. कलेक्टर लोकांत अशा ‘स्टोरी’ला भाव असतो, आणि खोटेपणाची सुरुवात बऱ्याचदा अशा प्रेमळ घरगुती गोष्टींतूनच होते. पण मी दुसऱ्यांच्या घरात जाऊन हाच शहाणपणा शिकवतो. आपल्या घरात सूट घ्यायची?

सांगून टाकलं. भिंग काकांच्या हातात दिलं, मुकुट दाखवला, सनावळी सांगितली. काका बराच वेळ बघत राहिले. काकू चहा घेऊन आल्या, तो निवला. मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही.

मग काका म्हणाले, ‘‘म्हंजे फुकट न्हाई मिळाला तर. आमच्या आज्यानं पैसे मोजून घेतला.’’

आणि गंमत म्हणजे त्यांचा चेहरा आधीपेक्षा जास्त खुलला! बक्षिसात साहेब मोठा होता. आता आज्जा मोठा झाला. हौसेनं विलायती चाकू विकत घेणारा नरसीचा माणूस, ही स्टोरी मला तरी जास्त भारी वाटते. त्यात भर म्हणजे शेफिल्डच्या मुठींसाठी सांबरशिंग हिंदुस्थानातूनच जायचं. म्हणजे कुठल्याशा जंगलातलं शिंग साता समुद्रापार जाऊन पुन्हा मराठवाड्यात आलं असेल!

मी एका कागदावर सगळं लिहून काढलं: चाकू कुणाचा, शिक्का काय, जुनी कथा कुठली आणि ती का टिकत नाही. खाली काकांची सही घेतली. चाकूइतकाच तो कागद जपायचा आहे.

तुमच्याही घरात असा चाकू आहे?

- घासू नका. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू सगळं बाद. मऊ सुती कापडानं पुसा, बस.
- तेल शिलाई मशीनचं. एक थेंब पात्याला, एक सांध्याला. खोबरेल नको, ते खवट आणि चिकट होतं. (नामदेवांच्या गावी शिलाई मशीनचं तेल शोधायला फार फिरावं लागलं नाही!)
- चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, त्यातल्या रसायनांनी पातं गंजतं. कोरडं कापड, डबा आणि बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या पुरेत. पावसाळ्यात महिन्यातून एकदा उघडून बघा.
- सेल्युलॉइडची मूठ वेगळी ठेवा. जुनं सेल्युलॉइड कुजताना वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंनाही गंजवतं.
- ‘व्ही. आर.’ आणि ‘स्टेनलेस’ एकाच पात्यावर दिसलं तर हात जोडा. शेफिल्डमध्ये स्टेनलेस पोलाद आलं १९१३ मध्ये, राणी गेली १९०१ मध्ये.
- हस्तिदंत, सांबरशिंग यांची खरेदी-विक्री नको. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. वारशानं आलेल्या वस्तूबद्दलही एकदा वन खात्यात विचारून घ्या.
- आणि विमानात खिशात विसरू नका. पणजोबांचं नाव सांगून सिक्युरिटीवाले ऐकत नाहीत!