जॅग्वार ई-टाइप: दोष डिफरन्शियलचा की आराखड्याचा?

१/ मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात अवतरलेल्या ई-टाइपच्या रूपावर उदंड लिहिले गेले. तिच्या मागच्या चाकांमध्ये दडलेल्या डिफरन्शियलविषयी, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेविषयी, मात्र मौनच आढळते.

२/ चाकांचे वजन घटावे म्हणून मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी न ठेवता थेट डिफरन्शियलला खेटून बसवले गेले. गाडी रस्ता धरून धावू लागली खरी. पण ब्रेकची धग शेजारच्या ऑइल सीलना भाजू लागली. सील कडक होते, तेल झिरपते ते नेमके डिस्कवर, आणि ब्रेकची पकड सुटते. याला केवळ गाडीचे वार्धक्य म्हणणे अन्यायाचे आहे. हे दुखणे आराखड्यातच होते.

३/ म्हणून नुसते सील बदलणे ही अर्धीमुर्धी दुरुस्ती. आउटपुट शाफ्टचे बेअरिंग ढिले असेल, तर नवे सीलही लवकरच गळू लागते. नीट काम करायचे तर मागचा सगळा पिंजराच खाली उतरवावा लागतो (कंटाळा येण्याजोगेच काम ते!).

४/ निदानातली घाई याहून घातक. गाडी निघताना ‘खट्’ वाजले की मूळ सॅलिसबरी डिफरन्शियल भंगारात काढणे, म्हणजे न वाचताच दप्तर जाळणे. झिजलेले युनिव्हर्सल जॉइंट किंवा पिंजऱ्याचे फाटलेले रबर माउंटही तसाच आवाज करतात. आधी ते तपासावेत. वेग घेताना आणि सोडताना सूर बदलणारी घरघर असेल, तर मग क्राउन व्हील व पिनियनचा संशय घ्यावा.