गोल्डन बूट मोजण्याआधी सामने मोजा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे : इंडियन सुपर लीगमधले परदेशी स्ट्रायकर बंद करा, मग बघा आपली पोरं कशी गोल करतात! पत्रं प्रशिक्षकांची आहेत, म्हणून उत्तर आकड्यांनीच देतो.

2014 ते 2024-25 या 11 मोसमांत गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळाला नाही. ब्राझील 3, स्पेन 3. कोलंबिया, लिथुआनिया, नायजेरिया, ग्रीस आणि मोरोक्को प्रत्येकी 1. 2024-25 मध्ये मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईने 23 गोल केले. भारतीयांत सर्वांत पुढे होता तो चाळिशीतला सुनील छेत्री, 14 गोलांसह. नऊ नंबरची जागा आणि पेनल्टी बहुधा परदेशी खेळाडूकडे जाते, आपला पोरगा विंगवर सरकतो, हे मान्य. पण 2021-22 पासून मैदानावरचे परदेशी 5 वरून 4 झाले, तरी पुढचे चारही बूट बाहेरच गेले. आणि जानेवारी 2024 मध्ये कतारच्या आशिया चषकात आपल्या नऊ नंबरची जागा कुणी परदेशी अडवून बसला नव्हता. तीन सामने, शून्य गोल.

दुखणं खालच्या पायरीवर आहे. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने उरकल्या जातात. 16 संघ आले तर 15 सामने; 8 संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी. विजेत्यालाही मिळतात चारच. मैदान एक, वयोगट अनेक, म्हणून हाफही कापले जातात.

मागच्या मोसमात अशाच एका स्पर्धेला मोहाडी तालुक्यातला एक संघ पहाटेच्या गाडीने आला होता. त्यांचा स्ट्रायकर डाव्या पायाचा, फर्स्ट टच सुरेख. सामना गोलशून्य, मग टायब्रेकर, मग परत. बॉक्समध्ये त्याच्या पायाला चेंडू लागला दोनदा. तेवढंच त्याचं वर्षभराचं फुटबॉल! वाढीव सामन्यांची विनंती केली तर उत्तर मिळालं, ‘विभागाला एकाच संघाचं नाव कळवायचं असतं.’ नाव कळवण्यासाठी स्पर्धा घ्यायची, की पोरं घडवण्यासाठी? फिनिशिंग शंकूंभोवती पळून येत नाही. चुकलेल्या शंभर संधींनंतर येतं, आणि त्या संधी आपण पोराला देतच नाही.

दोष फक्त कार्यालयांचा नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात चेंडूत हवा भरणारे आणि उरलेलं वर्ष कपाटाला कुलूप लावणारे क्रीडाशिक्षक आपल्यातच आहेत.

तेव्हा कुणाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. धानाची कापणी उरकली की मोहाडी, वरठी, आंधळगाव, करडी, कांद्री आणि तुमसर इथल्या सहा शाळांनी दुहेरी साखळी खेळावी. दर रविवारी एक सामना, सेव्हन-अ-साइड चालेल. प्रत्येक संघाला 10 सामने मिळतात. बाद पद्धतीतल्या विजेत्याच्या अडीचपट. प्रत्येक गोलाची नोंद ठेवा : कोणी केला, कोणत्या मिनिटाला, कोणत्या पायाने, पेनल्टी होती की चालत्या खेळातला. तो तक्ता आमच्याकडे पाठवा. एप्रिलच्या अंकात एक पूर्ण पान त्यासाठी राखून ठेवलं आहे.