अर्धे उघडलेले दार

डिसेंबर १९३८ पासून पुढील नऊ महिन्यांत बर्लिन, व्हिएन्ना, प्राग इत्यादी नगरांतून काही विशेष आगगाड्या सुटल्या. त्यांतून आईबापांवाचून मुले परदेशी निघाली होती. प्रत्येकाच्या गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी होती आणि हातात एक लहानशी पेटी. काही ठिकाणी तर आईबापांना फलाटावर पाऊल ठेवण्याचीही मनाई होती.

ही मुले बहुतेक ज्यू होती. हिटलरच्या नाझी राजवटीने ज्यूंचे हक्क एकामागून एक हिरावून घेतले होते. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी त्यांची शेकडो प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली आणि हजारो निरपराध पुरुषांना छळछावण्यांत डांबण्यात आले.

अशा वेळी ब्रिटनने सुमारे १०,००० मुलांना आश्रय दिला. अनोळखी कुटुंबांनी आणि वसतिगृहांनी त्यांना सामावून घेतले. अमेरिकेत १९३९ मध्ये २०,००० मुलांना प्रवेश देण्याची सूचना पुढे आली होती, परंतु ती संमत झाली नाही. हे ध्यानी घेता ब्रिटनचे औदार्य निःसंशय मोठे होते.

तथापि या औदार्याला मर्यादा होती. ही सवलत १७ वर्षांपर्यंतच्या मुलांनाच होती, त्यांच्या आईबापांना नव्हती. देशात आधीच बेकारी आहे, मोठी माणसे आली तर कामधंद्यात वाटेकरी होतील, असे अनेकांना वाटे. मुले मात्र थोड्या दिवसांची पाहुणी, संकट टळले की परत जातील, असा हिशेब होता.

तो हिशेब चुकला. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली. त्याच दिवशी प्रागहून सुमारे २५० मुलांची गाडी निघणार होती, ती निघालीच नाही. युद्धकाळात आईबापांना रेडक्रॉसमार्फत फार तर २५ शब्दांचा निरोप धाडता येई. पंचवीस शब्दांत आई काय सांगणार? प्रकृती कशी आहे, थंडीचे कपडे पुरतात का, एवढे विचारीपर्यंतच शब्द संपत. पुढे अनेकांचे निरोप येणेही थांबले. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या केली. त्यांत या मुलांपैकी अनेकांचे आईबाप होते.

कोणी म्हणेल, मुलांचे प्राण वाचले हे काय थोडे झाले? ते थोडे नव्हेच. आईबापांनीही तेच मानले, म्हणून तर त्यांनी काळजावर दगड ठेवून मुलांचा हात सोडला. पण त्यांच्या धैर्याची स्तुती करून जगाने मोकळे होणे योग्य नव्हे. दोष छळ करणाऱ्यांचा होता हे खरे. तरीही ज्यांना दार उघडता येत होते, त्यांनी ते अर्धेच उघडले. मुलाला अन्न, वस्त्र आणि निवारा यांची जितकी गरज असते, तितकीच आईची असते. त्याला तिच्यापासून तोडून केलेली दया अपुरीच राहते.

आजही युद्धामुळे आणि छळामुळे लाखो मुलांना घर सोडावे लागते. असे मूल दारी आले, तर त्याला मायेने आत घ्यावे. परंतु दार लावण्यापूर्वी, ‘बाळा, तुझी आई कोठे आहे?’ असेही विचारावे.